गेटकेनची उमेदवारी

दि. १३ मे २०२४ रोजी शिरूर लोकसभा मतदारसंघातील मतदार मतदानयंत्रासमोर उभा राहिला, तेव्हा त्याच्यापुढे प्रमुख पर्याय दोनच होते. एक डॉ. अमोल कोल्हे, दुसरे शिवाजीराव आढळराव पाटील. हेच दोघे २०१९ मध्येही समोरासमोर होते. त्या वेळी कोल्हे यांचे चिन्ह घड्याळ होते आणि आढळराव यांचे धनुष्यबाण. पाच वर्षांनी घड्याळ आढळरावांकडे आले आणि कोल्हे यांच्या हाती तुतारी आली. २०१९ च्या निवडणुकीच्या तोंडावर कोल्हे यांनी शिवसेना सोडून राष्ट्रवादी काँग्रेस गाठली होती. मार्च २०२४ मध्ये आढळरावांनी शिवसेना सोडून अजित पवार यांच्या राष्ट्रवादीत प्रवेश केला. म्हणजे २०२४ ची लढत होती ती दोन माजी शिवसैनिकांमध्ये, आणि दोघेही उभे होते राष्ट्रवादी नावाच्या दोन पक्षांकडून! घोडनदीच्या काठच्या एखाद्या वृद्ध मतदाराने मनाशी पक्के केले असते की, 'गेल्या वेळी ज्या चिन्हाच्या विरोधात मत दिले त्याच्याच विरोधात याही वेळी द्यायचे', तर त्याचे मत नेमके गेल्या वेळच्या विरोधी माणसाला गेले असते.

कोल्हे १ लाख ४० हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. निकालाची मीमांसा पुष्कळ झाली. कांद्याचा भाव, सहानुभूतीची लाट, संविधानाविषयीचा अपप्रचार, ही सारी कारणे चघळून झाली. परंतु एका साध्या गोष्टीकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. मतदाराने दोहोंपैकी एकाची निवड केली हे खरे. पण हेच दोघे त्याच्यापुढे ठेवायचे हे कुणी ठरवले? लोकशाहीत मतदार राजा असतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. या राजापुढे ताट वाढून येते. त्यातील पदार्थ त्याने निवडावा एवढीच मुभा. स्वयंपाकघराचे दार मात्र त्याला बंद.

हा प्रश्न राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्याला इतरांपेक्षा अधिक टोचायला हवा. शिरूर लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत अस्तित्वात आला. तेव्हापासून २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चार सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि चारही वेळा येथील मतदानयंत्रावर कमळ नव्हते. युतीच्या जागावाटपात हा मतदारसंघ आधी शिवसेनेकडे आणि नंतर राष्ट्रवादीकडे गेला. शिरूर विधानसभेची कथा थोडी वेगळी आहे. तेथे कै. बाबूराव पाचर्णे यांनी २००४ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये भाजपाच्या चिन्हावर विजय मिळवला. २०१४ मध्ये तर सारे प्रमुख पक्ष स्वतंत्र लढत असताना. २००९ आणि २०१९ मध्ये ते अशोक पवार यांच्याकडून पराभूत झाले. २०२२ मध्ये पाचर्णे यांचे निधन झाले. दोन वर्षांनी विधानसभेची निवडणूक लागली, तेव्हा भाजपाने दोनदा जिंकलेली ही जागा मित्रपक्षाच्या वाट्याला गेली. त्या पक्षाचे उमेदवार ज्ञानेश्वर ऊर्फ माऊली कटके होते. कटके तोपर्यंत उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेत होते आणि निवडणुकीच्या उंबरठ्यावर अजित पवार यांच्या पक्षात आले होते. ते ७४ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. विजय मोठा होता. गुलाल उधळला गेला. ज्या कार्यकर्त्याने पाचर्णे यांच्यासाठी वीस वर्षे भिंती रंगवल्या, त्याच्याही कपाळाला तो लागला. हा गुलाल कुठल्या मालाचा, हे विचारण्याची ती वेळ नव्हती.

ही वेळ आता आहे. २०२९ ची विधानसभा दूर वाटते. पण उमेदवार निवडणुकीच्या वर्षात तयार होत नाहीत, त्या वर्षी फक्त त्यांची नावे जाहीर होतात.

शिरूर आणि दौंड हे उसाचे तालुके. त्यामुळे येथील राजकारणाला उसाचीच उपमा शोभते. साखर कारखान्याकडे ऊस दोन वाटांनी येतो. एक सभासदाचा, कार्यक्षेत्रातला, नोंदीचा ऊस. त्याची लागण कधी झाली, जात कोणती, तोड केव्हा द्यायची, हे शेतकी खात्याच्या वहीत असते. दुसरा म्हणजे गेटकेन. कार्यक्षेत्राबाहेरचा, ऐन गळितात गाळपाची गरज भागावी म्हणून दारात आणवलेला. गेटकेन हा काही गुन्हा नव्हे. पुरेसा ऊस नसेल तर चाके थांबतात, आणि थांबलेल्या कारखान्यापेक्षा गेटकेनवर चालणारा कारखाना बरा. मात्र एखाद्या संचालक मंडळाला गेटकेनची सवय लागली की सभासदाचा ऊस फडात उभा वाळू लागतो. त्याची तोड लांबते, वजन घटते, उतारा पडतो. दोन-तीन हंगाम असे गेले की सभासद लागणच कमी करतो. मग संचालक सांगतात, "आपल्याकडे ऊसच नाही, गेटकेनवाचून इलाज काय?"

पक्षाच्या बाबतीत हेच घडते. स्थानिक कार्यकर्त्यात 'निवडून येण्याची क्षमता' नाही म्हणून बाहेरचा उमेदवार आणला जातो. आणि बाहेरचा उमेदवार सतत आणला जातो म्हणूनच स्थानिक कार्यकर्त्यात ती क्षमता कधी निर्माण होत नाही.

परदेशी शिकायला वा नोकरीला गेलेल्या मुलांमुळे मध्यमवर्गीय मराठी घरांत हल्ली अमेरिकेतील निवडणुकांची चर्चा चालते. तेथे पन्नासही राज्यांचे गव्हर्नर लोक थेट निवडतात. २०२६ हे त्यांपैकी ३६ राज्यांच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीचे वर्ष. ओहायो राज्यात विवेक रामस्वामी या तरुणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी आपले नाव घोषित केले. (यापूर्वी गव्हर्नर झालेल्या भारतीय वंशाच्या दोघांनी, बॉबी जिंदल आणि निकी हॅली यांनी, ख्रिस्ती पंथ स्वीकारला होता, रामस्वामी स्वतःला उघडपणे हिंदू म्हणवतात. ही गोष्ट लहान नाही.) पण येथे मुद्दा वेगळा आहे. पक्षाचा उमेदवार कोण हे तेथे शेवटी पक्षाचा मतदारच ठरवतो. त्यासाठी मुख्य निवडणुकीआधी काही महिने प्राथमिक निवडणूक होते. इच्छुक उमेदवार गावोगाव जातात, एकमेकांशी वाद घालतात, आणि सामान्य पक्षसमर्थक मतपेटीतून सांगतो की आमचा माणूस हा. कॅलिफोर्नियात तर सर्व पक्षांचे इच्छुक एकाच मतपत्रिकेवर येतात आणि पहिले दोघे अंतिम फेरीत जातात. मुंबई-दिल्लीच्या बंगल्यांबाहेर रात्र-रात्र ताटकळणे आणि सकाळी एबी फॉर्म कुणाच्या खिशात सापडतो हे पाहणे, हा प्रकार तेथे संभवत नाही.

म्हणून ती पद्धत जशीच्या तशी येथे आणावी असे मुळीच नाही. तिच्यात पैशाचा खेळ अफाट चालतो. ज्या तालुक्यात कारखाना, बँक, बाजार समिती आणि दूध संघ दोन-चार हातांत आहेत, तेथे प्राथमिक निवडणूकही त्याच हातांनी जिंकली जाईल. शिवाय आपल्या घटनाकारांनी याचा विचारच केला नव्हता असे नाही. राज्यपाल लोकांनी थेट निवडावा हा पर्याय घटनेच्या मूळ मसुद्यात होता. मे १९४९ मध्ये घटनासमितीने तो बाजूला सारला आणि नियुक्तीची पद्धत स्वीकारली. लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री एकाच राज्यात असतील तर दोघांत संघर्ष होईल, ही भीती रास्त होती. थेट निवडणुकीचा प्रयोग महाराष्ट्रात झाला तो खालच्या पायरीवर. फडणवीस सरकारने २०१६ मध्ये नगराध्यक्षांची आणि २०१७ मध्ये सरपंचांची निवड थेट जनतेतून केली. महाविकास आघाडी सरकारने २०२० मध्ये ती रद्द केली. २०२२ मध्ये सत्तांतर होताच ती पुन्हा आणली गेली. सदस्यांना सहलीला पळवून नेऊन सरपंच करण्याचा उद्योग तिने बराच थांबवला, हे तिचे श्रेय. परंतु उमेदवार कोण असावा हा प्रश्न तिनेही सोडवला नाही. दार मोठे झाले, आत येणारे बहुधा तेच राहिले.

तेच म्हणजे कोण, हे दौंडमध्ये स्पष्ट दिसते.

भीमेच्या दक्षिणेचा हा तालुका. रेल्वेचे जंक्शन, राज्य राखीव पोलीस दलाची ठाणी, यवत-केडगाव-राहू पट्ट्यातील गुऱ्हाळे, कुरकुंभची रासायनिक वसाहत. असा नाना प्रकृतींचा हा तालुका विधानसभेच्या वेळी मात्र दोनच घरांत वाटला जातो. कुल आणि थोरात. सुभाष कुल आमदार होते, त्यांच्यानंतर रंजना कुल आमदार झाल्या, २०१४ पासून राहुल कुल आमदार. समोर रमेश थोरात. २००९ मध्ये ते अपक्ष म्हणून निवडून आले होते. एकाच्या मागे पाटसचा भीमा सहकारी कारखाना, दुसऱ्याच्या मागे अनेक वर्षे जिल्हा मध्यवर्ती बँक. पक्षांची नावे या दोन घरांभोवती फिरत राहिली. राहुल कुल २०१४ मध्ये राष्ट्रीय समाज पक्षाच्या चिन्हावर जिंकले, २०१९ मध्ये भाजपाच्या. थोरात २०१९ मध्ये घड्याळावर लढले आणि २०२४ मध्ये तुतारीवर.

२०१९ चा दौंडचा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावा असा आहे. राहुल कुल ७४६ मतांनी निवडून आले. तालुक्यातील मतदान केंद्रांवर ही मते वाटून टाकली तर केंद्रामागे जेमतेम दोन-तीन मते पडतात. एखाद्या पन्नाप्रमुखाने दुपारी जेवून डुलकी काढली असती तरी निकाल फिरला असता. घराणे, कारखाना, पैसा, नातीगोती हे सारे दोन्ही बाजूंना तुल्यबळ असताना पारडे झुकवले ते केंद्राकेंद्रावरच्या त्या दोन-तीन मतांनी. आणि ती मते घरातून बाहेर काढणारा माणूस बहुधा ना कारखान्याचा संचालक असतो, ना बँकेचा. तो सकाळच्या शाखेचा किंवा गावच्या भजनी मंडळाचा, सामान्य माणूस असतो.

येथे न्यायाने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. बाहेरून आलेला प्रत्येक जण परकाच राहतो असे नाही. राहुल कुल तीन निवडणुका जिंकले, त्यांपैकी दोन कमळावर. कांचन कुल यांनी २०१९ मध्ये बारामती लोकसभेत सुप्रिया सुळे यांच्याविरुद्ध कमळाचेच चिन्ह घेतले आणि दीड लाखांहून अधिक मतांनी पराभव पत्करला. भोसरीचे महेश लांडगे २०१४ मध्ये अपक्ष होते, पुढे भाजपात आले आणि २०१९ व २०२४ मध्ये पक्षाच्या चिन्हावर विजयी झाले. गेटकेनच्या उसाचे बेणे आपल्या रानात लावले आणि ते रुजले, तर तो ऊस पुढच्या वर्षी नोंदीचाच होतो. आक्षेप आहे तो न रुजणाऱ्या उसावर. एक हंगाम गाळून पुढच्या हंगामाला दुसऱ्या कारखान्याच्या दारात उभ्या राहणाऱ्या मालमोटारीवर.

मे २०२४ मध्ये दौंडच्या कार्यकर्त्यापुढे जो पेच पडला तो याच जातीचा. बारामती मतदारसंघात महायुतीच्या उमेदवार सुनेत्रा पवार होत्या. ज्या घराच्या राजकारणाविरुद्ध दौंडचा कार्यकर्ता तीन दशके लढला, त्याच घरातील एका उमेदवारासाठी त्याच घरातील दुसऱ्या उमेदवाराविरुद्ध त्याने मते मागायची होती. आदेश आला, आणि कार्यकर्ता बाहेरही पडला. पण दारात गेल्यावर लोक हसत होते. निकाल लागला तेव्हा खडकवासला वगळता मतदारसंघातील उर्वरित पाचही विधानसभा क्षेत्रांत सुप्रिया सुळे पुढे होत्या. दौंडही त्यात होते. सहा महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, त्याच दौंडने राहुल कुल यांना १३ हजारांहून अधिक मताधिक्य दिले. मतदार तेच, केंद्रे तीच, कार्यकर्तेही तेच.

सहा महिन्यांत दौंडच्या मतदाराचा विचार बदलला असे कुणी म्हणत असेल तर ते पटण्याजोगे नाही. मधल्या काळात लोकमत परिष्काराचे काम नेटाने झाले, लाडक्या बहिणींच्या खात्यात पैसे आले, विरोधकांच्या घोषणांची हवा गेली, हे सगळे खरे. पण एक साधे कारणही होते. नोव्हेंबरमध्ये कार्यकर्त्याला ज्याच्यासाठी मत मागायचे होते, त्याच्याबद्दल बोलताना त्याची जीभ अडखळत नव्हती. गेल्या दहा वर्षांत तो माणूस लग्नाला, दशक्रियेला, कालव्याच्या आवर्तनाच्या बैठकीला दिसला होता.

सरसंघचालक डॉ. मोहनजी भागवत यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीतील व्याख्यानमालेत 'नोटा'विषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना एक व्यवहार्य सूत्र मांडले होते. सर्वगुणसंपन्न उमेदवार मिळणे अवघड. तेव्हा जे उपलब्ध आहेत त्यांतील उत्तमाला मत द्यावे, कारण सगळ्यांना नाकारण्याचा लाभ उपलब्धांतील सर्वांत वाईटाला होतो. मतदानाच्या दिवसासाठी यापेक्षा शहाणा सल्ला नाही. रुसून घरी बसलेल्या कार्यकर्त्याने २०२४ च्या मे महिन्यात नेमके काय साधले, याचा हिशेब त्याने स्वतःशी करावा.

मात्र हे सूत्र मतदानाच्या दिवसाचे आहे. उरलेल्या अठराशे दिवसांचे सूत्र वेगळे असायला हवे. 'उपलब्धांपैकी उत्तम' निवडायचा, तर उपलब्ध कोण असावेत याची काळजी कुणी घ्यायची? पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी या प्रश्नावर साठच्या दशकाच्या आरंभीच परखड लिहून ठेवले आहे. चांगल्या पक्षाचा आहे एवढ्याच बळावर वाईट उमेदवार मतावर हक्क सांगू शकत नाही. श्रेष्ठींनी लाभाच्या विचाराने किंवा गैरसमजाने अशा माणसाला उमेदवारी दिली असेल, तर ती चूक सुधारणे हे जागरूक मतदाराचे कर्तव्य ठरते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हे लिहिणारा गृहस्थ त्या वेळी स्वतः जनसंघाचा सरचिटणीस होता! १९६३ च्या जौनपूर पोटनिवडणुकीत जातीच्या नावाने मते मागायला त्यांनी नकार दिला आणि पराभव पत्करला. दीनदयाळजींची तसबीर ज्या कार्यालयांत लावलेली असते, त्याच कार्यालयांत आज इच्छुकाला पहिला प्रश्न विचारला जातो तो खर्चाच्या तयारीचा, आणि दुसरा तालुक्यात त्याच्या समाजाची मते किती याचा.

दीनदयाळजींची आठवण आदर्श म्हणून सांगितली की काही व्यवहारी मंडळी मान डोलावतात आणि विषय बदलतात. त्यांच्यासाठी जवळचे उदाहरण आहे. शिरूर लोकसभा मतदारसंघातच खेड तालुका आहे, आणि त्या तालुक्यात कडूस नावाचे गाव. रामभाऊ म्हाळगी जन्मले ते या कडूसला. १९५७ मध्ये, जनसंघाचे नाव ग्रामीण महाराष्ट्रात पुरते पोचलेलेही नव्हते त्या काळात, ते मावळातून विधानसभेवर निवडून गेले. कारखाना नाही, बँक नाही, संख्येच्या जोरावर मिरवावी अशी जात नाही. आमदार झाल्यावर ते आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवत. सभागृहात काय विचारले, काय मिळाले, काय राहिले, सगळे त्यात असे. पुढे पुण्यातील शुक्रवार पेठेचे आमदार आणि ठाण्याचे खासदार झाल्यावरही त्यांनी ती शिस्त सोडली नाही. 'निवडून येण्याची क्षमता' हा शब्दप्रयोग त्या काळी रूढ असता तर म्हाळगींना उमेदवारी मिळाली असती का, याचा विचार उमेदवारी वाटणाऱ्यांनी एकदा करावा.

काळ बदलला हे खरे. १९५७ ची निवडणूक सायकलवर लढवता येत होती. परंतु लोकांच्या अडचणी ज्या प्रकारच्या आहेत, त्या पाहता कामाच्या माणसाला आजही वाव कमी नाही. शिरूर तालुक्याचेच पाहा. न्हावऱ्याचा रावसाहेबदादा पवार घोडगंगा सहकारी कारखाना बंद पडला आणि २०२४ च्या निवडणुकीत तोच प्रमुख विषय झाला. आजूबाजूचे खाजगी कारखाने धूर सोडत असताना सहकारी कारखान्याचे धुराडे थंड का पडले, हा प्रश्न हजारो सभासदांचा आहे. दौंडला पाटसचा भीमा कारखानाही काही हंगाम बंद राहिला आणि पुढे कर्नाटकातील निराणी समूहाकडे भाडेतत्त्वावर गेला. दोन्ही तालुक्यांत, दोन्ही बाजूंच्या राजकारणात, सहकाराची गत एकच. याचा ताळेबंद वाचून सभासदाला समजावून सांगेल असा वाणिज्य शाखेचा एक पदवीधर कार्यकर्ता प्रत्येक गटात असेल, तर त्याचे नाव तालुक्याला आपोआप माहीत होईल.

पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, लहान मुले दगावली, आणि लोक संतापून रस्त्यावर उतरले. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी आणि उसातच जन्मणारे बिबट्याचे बछडे यांची गाठ आता रोजची झाली आहे. अशा वेळी वस्त्यावस्त्यांवर मुलांना शाळेत पोचवण्यासाठी कोण उभा राहिला, दिवसा वीज मिळावी म्हणून कुणी पाठपुरावा केला, हे लोक विसरत नाहीत. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगारांचे प्रश्न आहेत. दौंडहून रोज पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्यांची लोकल गाडीची मागणी वर्षानुवर्षे आहे. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत उतरते आणि दौंडकरांच्या वाट्याला येते. खडकवासल्याच्या कालव्याच्या पाण्यावर शहर आणि शेती यांची ओढाताण प्रत्येक उन्हाळ्यात होते. यांपैकी एखादा विषय जरी कुणी पाच वर्षे चिकाटीने धरला, तरी त्याला कुणाच्या बंगल्याबाहेर उभे राहावे लागणार नाही.

याला आणखी एक पैलू आहे. विधानसभा आणि लोकसभेत एकतृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवण्याची तरतूद २०२३ च्या घटनादुरुस्तीने केली. उमेदवारांचे चित्र यामुळे पालटेल अशी अपेक्षा आहे. पण बारामती मतदारसंघात, म्हणजे दौंडच्या मतदारापुढे, २०१९ आणि २०२४ या दोन्ही लोकसभा निवडणुकांत प्रमुख उमेदवार महिलाच होत्या, आणि तिघीही राजकीय घराण्यांतील. कर्तृत्वाचा प्रश्न नाही. तो ज्याचा त्याने तपासावा. प्रश्न हा की आरक्षणाची वेळ येईल तेव्हा शिरूर-दौंडच्या बचत गटांतून, शाळांतून, सेविका समितीच्या कामातून आलेली एखादी भगिनी तयार असेल, की आमदारांच्या घरातीलच कुणी पदर खोचून उभी केली जाईल? उमेदवारीची जाहिरात निघाल्यावर शोध सुरू केला तर उत्तर ठरलेलेच आहे.

कार्यकर्त्याची अडचण ही की त्याला राजकारणाचा तिटकाराही आहे आणि निकालाची उत्कंठाही. सत्ता हे साधन, साध्य नव्हे, हे त्याने बौद्धिकात ऐकलेले असते. म्हणून तो स्वतः उमेदवारी मागत नाही. मागणे त्याला कमीपणाचे वाटते. हा संस्कार चांगलाच आहे. पण ग्रामपंचायत, विकास सोसायटी, पंचायत समिती या पायऱ्यांवर तो कधी चढलाच नाही, तर विधानसभेच्या वेळी 'आपला कुणीच नाही' असे म्हणण्याचा अधिकारही त्याने गमावलेला असतो. विकास सोसायटीच्या निवडणुकीला क्षुद्र समजणारे आणि विधानसभेच्या उमेदवारीवर हळहळणारे एकच असतात, हे गावोगावचे दृश्य आहे.

आणि श्रेष्ठींची अडचण ही की आघाडीच्या गणितात जागा सोडाव्याच लागतात. ते समजण्यासारखे आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये महायुतीने महाराष्ट्र जिंकला तो अशाच देवाणघेवाणीतून. परंतु सोडलेल्या जागेवरील कार्यकर्त्याचे पुढे काय करायचे, याची योजना कुठे दिसत नाही. त्याला पाच वर्षे मित्रपक्षाच्या आमदाराच्या कार्यालयात कामे घेऊन जावे लागते. तेथे त्याला चहा मिळतो, काम मात्र आमदाराच्या जुन्या माणसाचे होते. वाघोली ते न्हावरे पसरलेल्या या मतदारसंघात, आणि शिरूर तालुक्याच्या ज्या चाळीसएक गावांना आंबेगावला जोडून ठेवले आहे तेथे, असा कार्यकर्ता आज भेटतो. तो नाराज नाही. फक्त पूर्वीइतका लवकर उठत नाही.

शिरूर विधानसभेच्या मतदानयंत्रावर कमळ शेवटचे दिसले ते २०१९ मध्ये. त्या वर्षी ज्या मुलाने पहिले मत दिले, तो २०२९ मध्ये अठ्ठावीस वर्षांचा असेल. न्हावऱ्याच्या कारखान्याचे धुराडे त्याच्या घरावरून दिसत असेल, तर मत मागायला दारात येणाऱ्याला तो पहिला प्रश्न कोणता विचारील, हे सांगायला ज्योतिषी नको. उत्तर देणारा माणूस मात्र आजपासून शोधावा लागेल.